देवी गेल्या, व्रण राहिले

आजीच्या डाव्या दंडावर नाण्याएवढे दोन गोल व्रण आहेत. लहानपणी मी विचारलं तर म्हणाली, "देवी काढल्या होत्या, दुसरं काय!" लस टोचायला येणाऱ्या माणसाला गावात 'देवी डॉक्टर'च म्हणायचे. तो आला की पोरं माळ्यावर लपायची.

कोविडच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेला शिव्या घालणारे फॉरवर्ड यायचे, तेव्हा मला तो दंड आठवायचा.

१९५८ साली, शीतयुद्ध ऐन भरात असताना, अमेरिकेतल्या मिनियापोलिसला या संघटनेची सभा भरली. देवीचा रोग जगातूनच हटवू, हा प्रस्ताव मांडला सोव्हिएत उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव यांनी. पुढच्या वर्षी ठराव झाला; पैसा मात्र कुणी फारसा दिला नाही. १९६७ साली मोहीम नव्याने उभी राहिली. प्रमुख अमेरिकी, डोनाल्ड हेंडरसन. लशीचा मोठा साठा रशियाचा. संघटनेकडे ना फौज, ना कुणावर हुकूम चालवण्याचा अधिकार. एकमेकांची तोंडं न बघणाऱ्यांना एका कामाला जुंपायचं, एवढंच तिच्या हातात. तेवढं तिने केलं.

भारताने मात्र घाम काढला. १९७४ साली इथे सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण आणि ३१ हजारांवर मृत्यू. सगळ्यात वाईट अवस्था बिहारची. सरसकट सगळ्यांना टोचत बसण्याऐवजी रोगी शोधायचा, त्याला वेगळं ठेवायचं आणि आजूबाजूच्या सगळ्यांना टोचायचं, असं ठरलं. मग हजारो कर्मचारी देवी आलेल्या मुलाचं चित्र हातात घेऊन घरोघर, बाजारात, शाळांत विचारत फिरले. दोन टोकांची साधी सुई, पंधरा टोचे, काम झालं. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस होतं. शेवटी ते १००० रुपयांवर गेलं!

पण हे सगळं गोडीगुलाबीने झालं नाही. रात्री घरात घुसून, माणसं धरून टोचल्याचं मोहिमेतल्याच डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. हे वाचताना मला १८९७ चं पुणं आठवलं: प्लेगची झडती, घरात शिरलेले गोरे सोजिर. फरक एवढाच की या वेळी रोग खरंच गेला. तेवढ्याने जबरदस्ती माफ होते का? माझ्याकडे उत्तर नाही. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "तुझ्या पणजीची दोन पोरं देवीत गेली." पुढे ती काही बोलली नाही.

भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामात सापडला. जगात नैसर्गिकरीत्या देवी झालेला शेवटचा माणूस सोमालियातल्या मर्का गावचा अली माओ मालिन, १९७७ साली. तो इस्पितळात स्वयंपाकी होता, आणि टोचल्यावर दुखेल म्हणून त्याने लस टाळली होती! तो वाचला. ८ मे १९८० रोजी रोग संपल्याचं जाहीर झालं.

पुढे मालिन पोलिओच्या मोहिमेत गेला. लस नको म्हणणाऱ्या आईबापांना तो स्वतःची गोष्ट सांगायचा. २०१३ साली, त्याच कामावर असताना, मलेरियाने गेला.