एका इंजिनाच्या दोन मोटारी

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात गर्दी कोठे जमते हे सांगावयास नको. पोर्शे ३५६ ही ठेंगणी, गुळगुळीत अंगाची स्पोर्ट्‌स मोटार. तिच्याभोवती माणसे घोटाळत असतात. शेजारची फोल्क्सवागेन, जिला जग ‘बीटल’ म्हणते, तिच्याकडे पाहून हसतात आणि पुढे जातात. आम्ही मोटारी मिरविणाऱ्यांपैकी नव्हे, त्या घडविणाऱ्यांच्या बाजूचे. या दोघींची तुलना आम्ही करू ती हिशोबाच्या वहीवरून.

प्रथम यंत्राचे पाहू. १९४८ साली ऑस्ट्रियातील ग्म्युंड गावी, एका जुन्या लाकूड-गिरणीत, पहिली ३५६ तयार झाली. तिचे ११३१ घनसेंटिमीटरचे, वाऱ्याने थंड होणारे इंजिन बीटलचेच; तेथे पंचवीस अश्वशक्ती देणारे, येथे सुधारून पस्तीस. गिअर-पेटी, ब्रेक, चाकांचे झुलते दांडे तिकडूनच आणलेले. दोन्हींच्या कवचाचा आराखडाही एर्विन कोमेंडा या एकाच माणसाचा. बीटल ताशी शंभर किलोमीटर जाई, ही हलकी पोर्शे सुमारे एकशे पस्तीस. ग्म्युंडच्या कारागिरांनी अॅल्युमिनियमचा पत्रा हातोडीने ठोकून जेमतेम पन्नास गाड्या घडविल्या. पुढे स्टुटगार्टला कारखाना गेला. १९६५ पर्यंत सुमारे शहात्तर हजार निघाल्या. बीटल मात्र २००३ साली मेक्सिकोत थांबली, तेव्हा आकडा दोन कोटी पंधरा लाखांवर गेला होता.

परंतु हे आकडे उशिराचे. हिशोबाचे पहिले पान निराळे आहे.

१ मे १९३३ रोजी हिटलरने कामगार दिन भरपगारी सुटीचा केला, मिरवणुका काढल्या. दुसऱ्याच दिवशी कामगार संघांच्या कचेऱ्यांवर धाडी पडल्या, पुढारी तुरुंगात गेले, आणि कामगारांनी वर्गणीने उभारलेल्या इमारती व निधी सरकारी ‘कामगार आघाडी’च्या घशात गेला. फोल्क्सवागेनचा कारखाना, ज्याचा पायाचा दगड २६ मे १९३८ रोजी बसला, तो उभारण्यात या लुटीचा पैसा होता. एवढ्यावर भागले नाही. मोटारीची किंमत ९९० मार्क ठरली. आठवड्यास पाच मार्कांचे तिकीट घ्यावे, पुस्तिकेत चिकटवावे. जवळजवळ चार वर्षांनी मोटार मिळणार. व्याज काही नाही. सुमारे तीन लाख छत्तीस हजार लोक यात शिरले. आपल्याकडील भिशीत निदान कोणाचा तरी नंबर लागतो. येथे एकाचाही लागला नाही. युद्ध आले, आणि कारखान्यातून लष्करी गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या बनविण्यास पकडून आणलेले परदेशी मजूर, युद्धकैदी आणि छळछावणीतील कैदी जुंपले गेले; ही संख्या वीस हजारांच्या आसपास जाते.

मग पोर्शे ३५६ काय? तिच्यासाठी कोणी तिकिटे चिकटविली नाहीत. ज्याला हवी त्याने पुरे पैसे मोजले, बीटलच्या सुमारे दुप्पट, आणि गाडी नेली. या व्यवहारात फसवणूक नाही, हे मान्य केले पाहिजे. फेरी पोर्शेने आपल्या गिऱ्हाइकास जे कबूल केले ते दिले. पण ज्या इंजिनावर ती धावली, ते बापाने, फर्डिनांड पोर्शेने, कामगारांची मोटार म्हणून आखलेले होते. गरिबाच्या नावाने झालेले संशोधन श्रीमंताच्या अंगणात आधी पोहोचावे, याचे आम्हास नवल वाटत नाही. राग मात्र येतो.

तिकिटे चिकटविणारे गप्प बसले नाहीत. युद्धानंतर त्यांनी कोर्टात दावा लावला आणि वर्षानुवर्षे लढविला. १९६१ साली तडजोड झाली: पुरी पुस्तिका भरलेल्यास नव्या बीटलच्या किमतीत सहाशे मार्कांपर्यंत सूट, नाहीतर रोख शंभर मार्क. सक्तीने राबलेल्या मजुरांसाठी कंपनीने निधी काढला तो १९९८ साली. तोवर त्यांतले बहुतेक वारले होते.