जू दानशी

जू दानशी : (१२८१–१३५८). युआन राजवटीतील चिनी वैद्य, ग्रंथकार व अध्यापक. जिन-युआन काळातील चार महान वैद्याचार्यांपैकी कालक्रमाने शेवटचे. मूळ नाव जू झेनहंग. जन्म जजियांग प्रांतातील ईवू येथे. आईच्या आजारपणामुळे ते वैद्यकग्रंथांकडे वळले. नवकन्फ्यूशियन पंडित शू च्येन यांच्याकडे त्यांनी अध्ययन केले (पहा : नवकन्फ्यूशियन विचार). पुढे १३२५ मध्ये हांगजौ येथे त्यांनी वैद्य ल्वो जृती यांचे शिष्यत्व पतकरले. ल्वो यांच्यामुळे त्यांचा ल्यू वानसू, जांग त्सोंगजंग व ली गाव या चौघांपैकी उरलेल्या तीन वैद्याचार्यांच्या मतांशी परिचय झाला.

शरीरात यांग नेहमी अधिक व यिन नेहमी उणे असते, हा त्यांचा मुख्य सिद्धांत (पहा : यिन-यांग). त्यानुसार यिनचे पोषण व आहार-विहारातील संयम यांवर त्यांच्या उपचारांचा भर होता. वायू (छी), रक्त, कफ, अग्नी, आर्द्रता व अन्न या सहांच्या अवरोधांतून रोग उद्‌भवतात, असे त्यांनी प्रतिपादिले. सोंग काळातील शासकीय औषधयोगसंग्रहातील उष्ण व शोषक द्रव्यांचा सरसकट वापर त्यांनी ‘जूफांग फाह्वेइ’ या ग्रंथात अमान्य केला. ‘गज्र यूलुन’ (१३४७) हा त्यांचा दुसरा प्रमुख ग्रंथ. ‘दानशी शिनफा’ हा ग्रंथ त्यांच्या शिकवणीवरून शिष्यपरंपरेने संकलित केला.

दाय सगोंग हे त्यांचे प्रमुख शिष्य मिंग दरबारात राजवैद्य होते. दानशींच्या मतांतून यिनपोषक संप्रदाय विकसित झाला. ताशिरो सांकी व मानासे दोसान या जपानी वैद्यांद्वारे तो जपानमध्ये रुजला (पहा : कांपो वैद्यक).