तात्यांचा पहिला पगार

आईचे वडील, आमचे तात्या, मूळचे माणदेशातले. त्यांच्या लहानपणी सकाळी हुलग्याचं माडगं आणि रात्री भाकरी. भाकरी असली तर कोरड्यास नाही, कोरड्यास असलं तर भाकरी पुरायची नाही. असलं पोर साताऱ्याच्या बोर्डिंगात कसं पोचलं, याच्या घरात दोन कथा आहेत. आई म्हणते, गावच्या मास्तरांनी चिठ्ठी देऊन धाडलं. थोरला मामा म्हणतो, कसली चिठ्ठी! बाजाराला निघालेल्या बैलगाडीत तात्या न विचारता चढले. मला मामाचं खरं वाटतं. तात्या पुढंही फारसं कुणाला विचारून काही करत नसत.

बोर्डिंग म्हणजे भाऊराव पाटलांचं, म्हणजे अण्णांचं, धनिणीच्या बागेतलं. अण्णांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, आणि 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचं नाव दिलं गेलं. तात्या तिथं गेले तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांपूर्वीच, 1930 मध्ये, गेल्या होत्या. पण थोरली पोरं नव्यांना सांगायची, की आपल्या पोटासाठी माउलीनं अंगावरचा एकेक दागिना मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही. हे सांगताना तात्या हातातला घास ताटात ठेवायचे.

तिथं मराठ्याचं, महाराचं, मांगाचं, जैनाचं, मुसलमानाचं पोर एकाच पंगतीला बसे. गावी पणजीच्या कानावर हे गेलं. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी साताऱ्याला निघालेल्या माणसाला तिनं एवढंच विचारायला सांगितलं, "पोटभर मिळतंय का त्याला?"

मिळत होतं, पण कष्टाचं. पहाटे पाणी भरायचं, पाळीनं भाकऱ्या थापायच्या, वाफ्यातली भाजी खुरपायची, खडी फोडायची. तात्यांच्या उजव्या तळव्याला अंगठ्याखाली एक घट्टा होता, म्हातारपणीही गेला नाही. आम्ही नातवंडं त्यावर बोट फिरवायचो. "ही माझी फी," ते म्हणायचे. फुकट शिकलो, असं त्यांनी कधी म्हटलं नाही आणि कुणी म्हटलेलं त्यांना खपायचंही नाही.

माझ्या मते अण्णांचं खरं मोठेपण पुढच्या पायरीत आहे. सातवी फायनल झालेलं गरिबाचं पोर जाणार कुठं? त्याला ओळख नाही, वशिला नाही. अण्णांनी 1935 मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज काढलं. तिथं पोरांना मास्तरकी शिकवली आणि ज्या गावांत शाळाच नव्हती तिथं व्हॉलंटरी शाळा उघडून त्यांना धाडलं. गावाला मास्तर हवा होता, पोराला काम हवं होतं, आणि दोघांची गाठ घालून देणारा माणूस मध्ये उभा होता.

तात्यांना डोंगरातलं गाव मिळालं. शाळा मारुतीच्या देवळात, फळा भिंतीला टेकवलेला. पहिला पगार पंधरा रुपये की अठरा, यावर आई आणि मामाचं आजही जमत नाही. त्यातून पणजोबांना वहाणा घेतल्या यावर मात्र एकमत आहे. पणजोबा त्या काखेत धरून गावभर हिंडले, पायात घातल्या त्या थेट आषाढी वारीला.

आजी मात्र निरक्षरच राहिली होती. ती चोळ्या शिवायची आणि मापं सुतळीला गाठी मारून ठेवायची. प्रत्येक बाईची एक सुतळी, खुंटीला अडकवलेली. 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. त्याच वर्षी मे महिन्यात अण्णा गेले. मोहिमेच्या रात्रीच्या वर्गात आजी कंदिलाखाली अक्षरं गिरवायला बसली. सहा महिने लागले की वर्ष, आठवणारं आता कुणी उरलं नाही. पण सुतळ्या चुलीत गेल्या आणि वही आली. वहीत नाव, माप, बाकी. बाकी लिहिता आली तशी ती वसूलही होऊ लागली, आणि लवकरच शेजारच्या वाडीतल्या बायका कापड घेऊन यायला लागल्या.

बोर्डिंगातल्यासारखी काम करून शिकायची कमवा व शिका योजना आज कितीतरी कॉलेजांत आहे. पोरं ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासावर काम करतात, त्यातून मेसचं बिल भागतं. चांगलंच आहे ते. पण पदवी हातात पडली की कॉलेजच्या फाटकाशी सगळं संपतं. माझ्या ओळखीतली शेतमजुरांची मुलं एमए होऊन गावच्या पारावर बसलेली मी बघते आणि जीव तुटतो. त्यांना अक्कल कमी नाही, कष्टाची लाज नाही. त्यांना पहिल्या दारापर्यंत नेणारं कुणी नाही.

तुमच्या ओळखीत असं एखादं पोर असेल. तुमचा छापखाना असेल, दवाखाना असेल, औषधाचं दुकान असेल, हिशेबाचं ऑफिस असेल. त्याला बोलवा, शेजारी बसवून काम शिकवा, आणि पहिल्या महिन्यापासून पगार द्या.