कच्चा माल उतरला, तर दारूगोळा उतरेल काय ?



कापूस उतरला म्हणजे कापड उतरतें, ऊंस मुबलक आला म्हणजे गूळ स्वस्त होतो. हा हिशेब घरांतील मुलांनाही समजतो, आणि बाजाराचा अनुभव बहुधा त्याला दुजोराच देतो. मग तांबें, शिसें, कापूस यांचे भाव घसरल्याचें वाचनांत आलें कीं बंदुकीचें काडतूस आणि तोफेचा गोळाही आतां स्वस्त होणार, असें अनुमान सहजच निघतें. कापसाचें नांव येथें ऐकून कांहीं श्रोत्यांस नवल वाटेल. त्याचा खुलासा पुढें येईलच. दारूगोळ्याचा खर्च अखेर आपणां करदात्यांच्याच खिशांतून जातो. तेव्हां हें अनुमान कितपत खरें, हा प्रश्न केवळ सेनापतींनींच विचारावयाचा आहे असें नाहीं. इतिहास त्याला काय उत्तर देतो तें आज सांगावयाचें आहे.

आरंभ काळ्या दारूपासून करूं. तोफा-बंदुकांची ही जुनी दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचें मिश्रण. पुढें रूढ झालेल्या प्रमाणांत शंभर भागांपैकीं ७५ भाग सोरा, १५ कोळसा आणि १० गंधक. अर्थात् दारूची किंमत ठरवावी ती सोऱ्यानेंच. पण सतराव्या शतकांतील इंग्लंडांत तसें होत नव्हतें. तेथें सोरा काढणारे लोक राजाची सनद घेऊन लोकांच्या तबेल्यांतून, कबुतरखान्यांतून, क्वचित् राहत्या घरांतूनही जमीन खणीत फिरत. कारण जनावरांच्या मलमूत्रानें मुरलेल्या मातींत सोरा धरतो. लोक या उपद्रवास विटून गेले होते. त्यांतच पहिल्या चार्ल्स राजानें दारूचा मक्ता आपल्या हातीं ठेवला. कारखानदाराकडून पौंडास आठ पेन्सांच्या आंत मिळणारी दारू तो प्रजेस दीड शिलिंगास, म्हणजे दुपटीहून अधिक भावानें विकूं लागला. सोऱ्याचा भाव काय आहे हें विचारतो कोण ? अखेर १६४१ सालीं पार्लमेंटानें कायदा करून परदेशांतून सोरा व दारू आणण्याची, आणि देशांत दारू करण्याची, सर्वांस मोकळीक दिली.

मोकळीक मिळाली, पण सोरा कोठून यावयाचा ? पुढें तो आला आपल्या बिहारांतून. पावसाळा सरून जमीन वाळूं लागली कीं तिरहुत-सारण या भागांत जुन्या वस्त्यांच्या आसपास मातीवर पांढरी खारट पापडी धरते. नोनिया जातीचे लोक ती खरवडून आणीत, पाण्यांत कालवून गाळीत, तें पाणी कढवीत, आणि निवतांना त्यांतून सोऱ्याचे स्फटिक काढीत. पाटण्याहून गंगेनें हुगळीस, आणि तेथून जहाजाच्या तळाशीं भार म्हणून भरून लंडनला, असा त्याचा प्रवास असे. तबेले खणून मिळणाऱ्या सोऱ्यापुढें हा माल स्वस्तही होता आणि मुबलकही होता.

या स्वस्ताईचें पुढें काय झालें ? १६९३ च्या सनदेंत ईस्ट इंडिया कंपनीवर अशी अट घातली गेली कीं तिनें दरसाल ५०० टन सोरा सरकारच्या शस्त्रखात्यास द्यावा. भाव शांततेच्या काळीं टनास ३८ पौंड १० शिलिंग आणि युद्धकाळीं ४५ पौंड. माती तीच, नोनिया तोच, कढईही तीच. परंतु युद्ध पुकारलें जातांच टनामागें साडेसहा पौंड वाढावयाचे. युद्धांत समुद्र धोक्याचा होतो, विमा महागतो, जहाजाचें भाडें चढतें, एवढें कंपनीच्या बाजूनें म्हटलेंच पाहिजे. पण मळ्यांत बसून माती कढविणाऱ्या नोनियासाठीं सनदेंत असा दुहेरी दर लिहिलेला नव्हता. पुढें प्लासीनंतर, १७५८ सालीं, क्लाइव्हनें मीर जाफराकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ताच कंपनीला मिळवून दिला. तेव्हांपासून डचांना व फ्रेंचांना हा सोरा इंग्रजांच्या मर्जीनें घेणें भाग पडलें.

फ्रान्सांतील सरकारनें १७७५ सालीं दारूचा मक्ता खाजगी मक्तेदारांकडून काढून आपल्या खात्याकडे घेतला, आणि त्या खात्याच्या चालकांत सुप्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये याची नेमणूक केली. त्याच्या हाताखालीं शिकलेला एक तरुण, एल्यूतेर इरेने द्यु पाँ, राज्यक्रांतीनंतर अमेरिकेंत गेला, आणि १८०२ सालीं त्यानें डेलावेअर संस्थानांत ब्रँडीवाइन नदीच्या कांठीं दारूचा कारखाना घातला. तेथेंही हिंदुस्थानचाच सोरा जात असे. यापुढची हकीकत बरीचशी या एका घराण्याची आहे.

१८५७ सालीं, इकडे मीरत आणि दिल्ली पेटली त्याच वर्षीं, या घराण्यांतील लॅमट द्यु पाँ यानें पेरूच्या किनाऱ्यावरील सोडा-सोऱ्यापासून सुरुंगाची दारू करण्याचें पेटंट घेतलें. हा सोरा हिंदी सोऱ्याहून स्वस्त. पण तो हवेंतील ओल धरतो, म्हणून सुरुंगास चालला तरी तोफेस चालेना. चारच वर्षांनीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें. १८६१ च्या अखेरीस लॅमट लंडनला गेला आणि त्यानें उत्तरेच्या सरकारसाठीं दोन हजार टनांहून अधिक हिंदी सोरा खरेदी केला. तोंच बातमी आली कीं अमेरिकन युद्धनौकेनें ‘ट्रेंट’ या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेचे दोन वकील बळानें उतरवून घेतले. इंग्लंड खवळलें, आणि पामर्स्टनच्या सरकारनें सोऱ्याच्या निर्गतीवर बंदी घातली. वकिलांची सुटका झाली तेव्हां बंदी उठली व माल अमेरिकेस पोंचला. माल होता, पैसे मोजणारा हजर होता, तरीही बिहारची ती पापडी लंडनच्या धक्क्यावर अडकून पडली होती.

युद्ध संपल्यावर नेमका उलट प्रकार झाला. सरकारनें कोठारांत उरलेली दारू विकावयास काढली. बाजार तुंबला, आणि भाव इतके कोसळले कीं कारखानदारांचा खर्चही निघेना. हा भाव सोऱ्यानें पाडला नव्हता, भरलेल्या कोठारांनीं पाडला होता. हवालदिल झालेल्या कारखानदारांनीं १८७२ सालीं एक संघ स्थापिला आणि आपसांत भाव ठरविण्यास आरंभ केला. एखादा लहान कारखानदार कमी भावानें विकूं लागला, तर संघ त्याच्या टापूंत मुद्दाम भाव पाडून त्याला जेरीस आणी. ही घडी या ना त्या रूपानें पुष्कळ वर्षें टिकली. १९०७ सालीं अमेरिकन सरकारनें खटला भरला, आणि १९१२ सालीं द्यु पाँ कंपनींतून हर्क्युलीस व ॲटलस अशा दोन कंपन्या वेगळ्या काढण्यांत आल्या. मात्र लष्करास लागणारी निर्धूम दारू सेनाधिकाऱ्यांच्याच आग्रहावरून द्यु पाँकडे राहिली. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां कापसाविषयीं. निर्धूम दारूंत सोरा-कोळसा नसतो. सरकीला चिकटून राहिलेले कापसाचे आंखूड तंतु स्वच्छ करून नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या मिश्रणांत भिजविले म्हणजे जो भयंकर ज्वालाग्राही पदार्थ होतो, त्याची ही दारू. १९१४ च्या ऑगस्टांत युरोपांत महायुद्ध पेटलें आणि कापसाचे बाजार बंद पडले. अमेरिकेंत पौंडास बारा-तेरा सेंटांचा कापूस सहा-सात सेंटांवर आला. जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जम हीं गिऱ्हाइकें तुटल्यामुळें आपल्या वऱ्हाड-खानदेशांतील शेतकऱ्यालाही त्या हंगामांत फटका बसला. कच्चा माल इतका उतरल्याचें उदाहरण क्वचित् सांपडेल. आणि त्याच सुमारास द्यु पाँ कंपनीनें दोस्त राष्ट्रांना निर्धूम दारू पौंडास एक डॉलर या भावानें देऊं केली, आणि निम्मी रक्कम आगाऊ मागितली !

कंपनीचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. तिची शक्ति वर्षाला ८४ लाख पौंड दारू करण्याची. मागणी तिच्या कितीतरी पट. नवे कारखाने उभारावे आणि युद्ध सहा महिन्यांत मिटलें, तर ते घेऊन काय करावयाचें ? म्हणून कारखान्यांची किंमत दारूच्या किंमतींत मिळविण्यांत आली. ते उभे राहिले आणि वर्षास ४५ कोटि पौंडांपर्यंत मजल गेली. त्यांचा खर्च वसूल झाला, तेव्हां भाव पन्नास सेंटांच्या आसपास आला. त्या वेळीं, म्हणजे १९१७ सालीं, कापूस युद्धापूर्वींच्या दुपटीवर गेला होता. कापूस निम्मा झाला तेव्हां दारू महाग, आणि कापूस दुप्पट झाला तेव्हां दारू निम्म्या भावांत, असा हा विलक्षण प्रकार आहे. या नफ्याची चौकशी १९३४ पासून सेनेटर नाय यांच्या समितीनें केली, पण तोंवर वीस वर्षें उलटून गेलीं होतीं.

याच काळांत इंग्लंडांत जें घडलें तें मला अधिक बोधप्रद वाटतें. तेथें एक जुनी परंपरा होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरकार आपला दारूचा कारखाना विकून टाकण्याच्या विचारांत असतां मेजर काँग्रीव्ह यांनीं विरोध केला, आणि उलट १७८७ सालीं वॉल्थॅम ॲबीचा कारखाना सरकारकडून विकत घेवविला. सरकारचा स्वतःचा कारखाना असला कीं मालाचा कस राहतो आणि मक्तेदाराच्या भावालाही लगाम बसतो, असा त्यांचा मुद्दा होता. १९१५ सालीं गोळ्यांच्या टंचाईनें ओरड झाली, तेव्हां लॉईड जॉर्ज यांच्या हाताखालीं दारूगोळ्याचें स्वतंत्र मंत्रिखातें निघालें. त्यानें राष्ट्रीय कारखाने काढले आणि खाजगी कारखान्यांत हिशेबनीस पाठवून प्रत्येक वस्तूचा खरा खर्च तपासला. १८ पौंडी तोफेचा गोळा २२ शिलिंग ६ पेन्सांवरून १२ शिलिंगांवर आला. लुईस मशीनगन १६५ पौंडांवरून ३५ पौंडांवर आली. हे आंकडे लॉईड जॉर्ज यांनीं १९१९ सालीं पार्लमेंटांत सांगितले. या सर्व काळांत कच्चा माल आणि मजुरी चढतच होती, हें विसरूं नये. हिशेबाची वही उघडल्याबरोबर जें साधलें, तें तांबें-पोलाद स्वस्त होऊन साधलें नसतें.

या जुन्या गोष्टी कोणाला शिळ्या वाटतील. परंतु फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केल्यानंतरचे भाव पाहावे. मार्चांत टनास १०,००० डॉलरांवर गेलेलें तांबें जुलैपर्यंत ७,००० च्या आसपास उतरलें. मे महिन्यांत पौंडास दीड डॉलरावर पोंचलेला न्यूयॉर्कचा कापूस ऑक्टोबरअखेर अर्ध्यावर आला. आणि १५५ मिलिमीटर तोफेचा गोळा ? युद्धारंभीं २,००० युरोंना मिळणारा गोळा ८,००० युरोंवर गेल्याचें नाटोच्या लष्करी समितीचे तत्कालीन अध्यक्ष ॲडमिरल रॉब बाउअर यांनीं ऑक्टोबर २०२३ मध्यें सांगितलें. पुन्हां तोच कापूस, आणि पुन्हां तोच प्रकार. पुन्हां नवे कारखानेही निघाले. जर्मनींतील उंटरल्यूस येथील मोठा कारखाना ऑगस्ट २०२५ मध्यें सुरू झाला. अशा कारखान्यांचा खर्च पहिल्या गिऱ्हाइकांच्या भावांतूनच निघावयाचा, हें द्यु पाँच्या हकीकतीवरून कोणीही सांगेल. कोठारें भरलीं आणि मागणी ओसरली म्हणजे मग गोळा उतरूं लागेल. तांबें त्या दिवशीं चढतें असो वा पडतें.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाहीं. पुण्याजवळ खडकीस दारूगोळ्याचा सरकारी कारखाना १८६९ पासून चालूं आहे. ऑक्टोबर २०२१ पर्यंत तो आयुधनिर्माणी मंडळाच्या, म्हणजे थेट सरकारी खात्याच्या, अंगभूत होता. त्या महिन्यापासून तो ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी मालकीच्या कंपनीकडे गेला असून तिचें मुख्य ठाणें पुण्यासच आहे. पूर्वीं खातें स्वतःसाठीं माल करी. आतां कंपनी करी आणि सैन्य तिच्याकडून विकत घेई, अशी मांडणी झाली आहे. या कंपनीच्या खर्चाचा हिशेब सैन्याच्या खरेदीदाराला काँग्रीव्हच्या अर्थानें पाहावयास मिळतो कीं नाहीं, हें मला तांब्याच्या भावापेक्षां अधिक महत्त्वाचें वाटतें, आणि लोकसभेंत संरक्षणखर्चाच्या मागण्या निघतील तेव्हां तेथें हेंच विचारलें जावें.