शिळेवरचे नाव आणि ओंजळभर माती

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात आम्ही शिरलो तेव्हा आमची नजर नकळत क्रूस शोधू लागली. २ नोव्हेंबरला आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्या लावणाऱ्या समाजाची ही सवयच म्हणायची. परंतु येथे कोणत्याही धर्माचे चिन्ह नाही. त्यागचक्राच्या वर्तुळाकार भिंतींत एकेका हुतात्म्यासाठी ग्रॅनाइटची एकेक शिळा बसविली आहे आणि तीवर सोनेरी अक्षरांत त्याचे नाव आहे. अशी पंचवीस हजारांहून अधिक नावे!

जवळच्याच इंडिया गेटवरही नावे आहेत. पण १९३१ साली अनावरण झालेली ती कमान पहिल्या महायुद्धात व १९१९ च्या अफगाण युद्धात ब्रिटिश साम्राज्यासाठी पडलेल्या हिंदी सैनिकांची. स्वतंत्र भारताने १९७२ साली तिच्याखाली अमर जवान ज्योत चेतविली. आपल्या जवानांच्या नावांचे स्मारक मात्र २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उघडले. २०२२ मध्ये ती जुनी ज्योत येथल्या ज्योतीत विलीन करण्यात आली. अनेकांना ते रुचले नाही. आमच्या मते, जेथे नावे आहेत तेथेच ज्योत असावी.

वीरताचक्रात सहा लढायांची कांस्यशिल्पे आहेत. त्यांतील गंगासागरच्या शिल्पापुढून आमचा पाय निघेना. ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री आगरताळ्याजवळच्या या ठाण्यावर गार्ड्‌स पलटणीने हल्ला चढविला. शत्रूची एक मशीनगन आपली माणसे टिपत होती. लान्सनायक आल्बर्ट एक्का याने त्या खंदकावर एकट्याने झेप घेऊन संगिनीने दोघांना ठार केले. स्वतः जबर जखमी असूनही तो पुढे जात राहिला. एका पक्क्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून दुसरी मशीनगन धडधडू लागताच तो सरपटत गेला, हातबाँब फेकला, भिंत चढून आत शिरला आणि तीही बंद पाडली. त्याच जखमांनी त्याचा अंत झाला. वय अवघे अठ्ठावीस. नाताळनंतर दोनच दिवसांनी त्याचा वाढदिवस होता. त्या युद्धात पूर्व आघाडीवरचे परमवीरचक्र एकट्या त्यालाच, तेही मरणोत्तर, मिळाले.

आल्बर्ट आजच्या झारखंडमधील गुमला जिल्ह्यातला, जारी गावच्या उराव ख्रिस्ती घरातला. चर्चच्या परिभाषेतील ‘रक्तसाक्षी’ हा शब्द श्रद्धेसाठी मरणाऱ्यांचा. तो त्याला लावता येणार नाही. रांचीतील मुख्य चौकाला त्याचे नाव दिले आहे. देह मात्र घरी आला नाही. तो त्रिपुरातच मातीआड झाला. गावच्या दफनभूमीत मेणबत्ती लावायला कबरच नव्हती.

२०१५ च्या डिसेंबरात, चव्वेचाळीस वर्षांनी, त्या जागेची म्हणून माती कलशातून झारखंडला आणण्यात आली. ती आल्बर्टच्याच समाधीची कशावरून, असे विचारून घरच्यांनी कलश स्वीकारण्यास नकार दिला. पुढच्याच महिन्यात त्याची पत्नी व मुलगा स्वतः त्रिपुराला गेले आणि आपल्या हातांनी तेथली माती घेऊन गावी परतले.