झाड, सातबारा आणि आपण

झाडतोडीचा कायदा झाडासाठी असतो असं सांगतात. मी त्याचा इतिहास उघडतो तेव्हा आधी माणूस दिसतो. कुऱ्हाड कुणाच्या हातात, परवाना कुणाच्या खिशात?

१८७८ च्या वन कायद्यानं इंग्रजांनी जंगलं राखीव, संरक्षित अशी आपल्या ताब्यात घेतली. जोतिबांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या जंगलखात्यावर कोरडे ओढले. इंग्रज गेले, खातं राहिलं.

१९६४ साली महाराष्ट्रानं झाडतोडीवर नियमन आणणारा कायदा केला. सातबारावाला अर्ज करतो, परवानगी मिळवतो. ज्याला सातबाराच नाही त्यानं अर्ज कुठल्या जमिनीसाठी करायचा? सरकारी पडीक रानातलं झुडूप उपटून त्यानं ज्वारी पेरली की तो अतिक्रमणवाला! त्याच १९६४ च्या ६ डिसेंबरला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभा राहिला. मागणी साधी: पडीक जमीन भूमिहीनाला द्या.

२००६ साली वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सगळ्यांनाच दाखवायचा. पण आदिवासी नसलेल्या आपल्या माणसाला वर तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं, वास्तव्य सिद्ध करावं लागतं. ज्यांना कागदापासून दूर ठेवलं, त्यांच्याकडेच कागद मागतात.

रान राखू नये असं मी म्हणत नाही. कुणी राखायचं, कुणी ठरवायचं, हा सवाल आहे. आणि एक काम आहे. २००८ च्या नियमांत दावेदार सोडून इतर म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही पुराव्यात धरलाय. ती माणसं आहेत तोवर वह्या घेऊन वस्तीत बसा.