वेगनौकेचे इंजिन : कमी खर्चातील शक्तिवृद्धी

वेगनौकेतले पेट्रोल इंजिन न बदलता, त्याचे मोजके भाग बदलून जास्त अश्वशक्ती मिळवण्याचे तंत्र. अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने हे काम करणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. त्यांच्या हाताखालून सर्वाधिक गेलेल्या इंजिनांत शेव्हरोलेच्या ‘बिग ब्लॉक’ व्ही-८ चे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. हा ब्लॉक १९६५ मध्ये ३९६ घनइंचांचा आला आणि १९७० मध्ये ४५४ घनइंचांचा, म्हणजे ७.४ लिटरचा झाला. मुळात मोटारी आणि ट्रकसाठी ओतलेला हा ब्लॉक मर्क्रूझरसारख्या नौका-इंजिनांच्या कंपन्यांनी नौकांना साजेसा करून विकला. त्यामुळे त्याचे हेड, क्रँक आणि मॅनिफोल्ड भंगारातल्या ट्रकमधूनही मिळतात. स्वस्ताईचे मूळ कारण हेच.

स्वस्त शक्तीचा हा शोध बिग ब्लॉकच्याही आधीचा आहे. पहिल्या महायुद्धासाठी अमेरिकेने ‘लिबर्टी’ ही बारा सिलिंडरची, २७ लिटरची आणि सुमारे ४०० अश्वशक्तीची विमान-इंजिने वीस हजारांहून अधिक बनवली. युद्ध संपल्यावर ती पडून राहिली. मिशिगनच्या गार वुडने अशी दोन इंजिने ‘मिस अमेरिका’ नौकेत बसवली आणि १९२० मध्ये इंग्लंडमध्ये जाऊन वेगनौकांच्या शर्यतीचा हार्म्सवर्थ करंडक जिंकला. दुसऱ्या महायुद्धानंतर तीच पाळी ॲलिसन व्ही-१७१० या विमान-इंजिनाची आली. सिएटलच्या ‘स्लो-मो-शन ४’ने २६ जून १९५० रोजी लेक वॉशिंग्टनवर ताशी १६०.३२ मैलांचा विक्रम केला तो याच इंजिनावर. तिने मोडलेला १९३९ चा ताशी १४१.७४ मैलांचा विक्रम माल्कम कॅम्बेलच्या ‘ब्लू बर्ड के-४’चा होता, आणि त्या नौकेतले रोल्स-रॉइस ‘आर’ हे इंजिन ॲलिसनपेक्षा कितीतरी बलवान होते. फरक पाडला तो टेड जोन्सच्या तळरचनेने आणि अर्धा पाण्याबाहेर राहून फिरणाऱ्या पंख्याने. इंजिनावर पैसे घालण्यापूर्वी प्रत्येक नौकामालकाने हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

या धड्यामागचे गणित नौकारचनाकार जॉर्ज क्राउच यांच्या सूत्रात आहे. १९२४ चा गोल्ड कप जिंकणारी ‘बेबी बूटलेगर’ ही वेगनौका त्यांचीच. पाण्यावर उचलून धावणाऱ्या नौकेचा वेग शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, असे हे सूत्र सांगते. ३३० अश्वशक्तीवर ताशी ५५ मैल धावणारी नौका ४१५ अश्वशक्तीवर साधारण ६२ मैल गाठते. शक्ती सव्वापट झाली तरी वेगात भर पडते ती सात मैलांची. म्हणून अडगळ काढून वजन घटवणे आणि तळावरचे शेवाळ खरवडणे ही कामे खर्चाच्या मानाने फार लाभाची ठरतात.

शक्ती टॉर्क आणि फेरे यांच्या गुणाकारातून येते : पौंड-फुटांतला टॉर्क गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ५२५२. ४२० पौंड-फूट टॉर्क ५२०० फेऱ्यांपर्यंत टिकवला तर सुमारे ४१६ अश्वशक्ती होते. त्यासाठी इंजिनाला वरच्या फेऱ्यांत मोकळा श्वास मिळायला हवा. जुन्या ४५४ च्या काही हेडची इनटेक दारे इतकी अरुंद आहेत की मेकॅनिक त्यांना ‘पीनट पोर्ट’ म्हणतात. ती काढून मोठी ओव्हल-पोर्ट हेड, जोडीला ड्युअल-प्लेन इनटेक मॅनिफोल्ड आणि मध्यम कॅमशाफ्ट बसवणे हा सर्वांत किफायतशीर मार्ग. ५.७ लिटरच्या स्मॉल ब्लॉकसाठी १९९६ नंतरच्या ट्रकची व्होर्टेक हेड हा तितकाच चांगला सौदा आहे. मात्र त्यांना आठ बोल्टचे वेगळे इनटेक मॅनिफोल्ड लागते आणि जास्त लिफ्टचा कॅम घातला तर व्हॉल्व्हचे रिटेनर गाइडवर आपटतात.

मोटारीसाठी छापलेली कृती नौकेत जशीच्या तशी का चालत नाही, याचे मोठे कारण एक्झॉस्टमध्ये आहे. नौकेत इंजिनाच्या धुरात पाणी सोडतात, म्हणजे रबरी नळ्या जळत नाहीत. तीव्र कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात. इंजिन आयडलवर असताना दाबाच्या लाटा उलट्या फिरतात आणि एक्झॉस्टच्या वळणावरच्या नळीतले, म्हणजे एल्बोमधले, पाणी मागे सिलिंडरात ओढतात. आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यांवर तांबूस गंज चढतो, मग रिंग खराब होतात. पाणी दाबले जात नसल्याने ते जास्त आत शिरले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून जाणकार दोन्ही व्हॉल्व्ह कमी वेळ एकत्र उघडे ठेवणारा, ११२ ते ११४ अंशांच्या लोब-सेपरेशनचा कॅम निवडतात आणि एल्बो वर उचलणारे उंच रायझर लावतात. नवा कॅम बसवल्यावर इंजिन आयडलवर चालवावे, बंद करून रायझर उतरवावा आणि आतल्या काजळीवर पाण्याचे ओघळ दिसतात का ते टॉर्चने पाहावे. काजळी मॅनिफोल्डकडच्या बाजूला धुतलेली दिसली, तर कॅम चुकला. ही तपासणी जवळजवळ फुकट होते आणि इंजिन वाचवते.

लोखंडी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड खाऱ्या पाण्यात आतून कुजतात आणि काही वर्षांनी बदलावेच लागतात. मोकळ्या रचनेचे मॅनिफोल्ड त्याच वेळी घ्यावेत, म्हणजे एका खर्चात दोन कामे होतात.

दुसरी मर्यादा भाराची. नौकेचे इंजिन सतत घाट चढणाऱ्या गाडीसारखे राबते. त्याला उताराचा विसावा नाही. त्यामुळे कॉम्प्रेशन फार वाढवले किंवा टायमिंग पुढे ओढले की साध्या पेट्रोलवर डेटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट, होते आणि पिस्टनच्या कडा फुटतात. लोखंडी हेडवर ९:१ च्या आसपास थांबणे शहाणपणाचे.

पंखा हा शक्तिवृद्धीचाच भाग मानावा. पिच, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यातली सैद्धांतिक आगेकूच, इंचभर कमी-जास्त केला की फेरे सुमारे १५० ते २०० नी बदलतात. २१ इंच पिचचा पंखा, १.५ गिअर आणि दहा टक्के घसरण धरली तर ४६०० फेऱ्यांना ताशी ५५ मैल आणि ५२०० ला ६२ मैल मिळतात. म्हणजे वरच्या उदाहरणात पंखा बदलायची गरजच नाही. हौसेने २५ इंच पिचचा पंखा लावला तर इंजिन आपल्या शक्तीच्या फेऱ्यांपर्यंत पोचत नाही आणि कामाचे पैसे वाया जातात. सर्वांत आधी पाहायचे ते थ्रॉटल केबल पूर्ण उघडते का. अर्धवट उघडणारी केबल जुळवायला पाना पुरतो.

काही भागांत मात्र काटकसर चालत नाही. इंजिनखोलीत पेट्रोलची वाफ साचते. ती हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. म्हणून स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर ठिणगी बाहेर न सोडणारे, मरीन जातीचेच लागतात. कार्ब्युरेटरही असा हवा की सांडलेले पेट्रोल बाहेर न गळता त्याच्याच घशात जाईल. आउटबोर्ड वगळता पेट्रोल-इंजिनांवर कार्ब्युरेटरमधून उलटणारी ज्वाला अडवणारा फ्लेम अरेस्टर अमेरिकी तटरक्षक दलाच्या नियमाने बंधनकारक आहे, आणि एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या सर्व इंजिनांना तो नियम लागू होतो. ट्रकचा अल्टरनेटर निम्म्या किमतीत मिळाला तरी तो नौकेत बसवू नये.

२०१० पासून अमेरिकेतल्या नव्या स्टर्नड्राइव्ह इंजिनांना उत्सर्जनाचे कडक नियम लागू झाले आणि त्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. ते काढणे बेकायदा आहे. त्यामुळे ही घरगुती शक्तिवृद्धी आज मुख्यतः त्याआधीच्या इंजिनांवर केली जाते.